डक्टमधले तेरा जण

रणजीत फडतरेच्या घरात चार ट्रम्पेट होते, चार ट्रॉम्बोन होते, पाच सॅक्सोफोन होते, आणि ही तेराच्या तेरा वाद्यं एकत्र वाजली की जत्रेत कुणीतरी पिपाणी फुंकतंय असा आवाज यायचा. वाद्यं अर्थातच कंप्युटरमध्ये होती. खारघरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तेरा माणसं खरोखर उभी केली असती तर चौदाव्या रणजीतला खिडकीबाहेर एसीच्या युनिटवर बसावं लागलं असतं.

हा सेहेचाळीस वर्षांचा माणूस ऐरोलीच्या एका कंपनीत दिवसभर लोकांचे विम्याचे दावे तपासायचा, म्हणजे नाकारायचा, आणि घरी आला की पँट बदलायच्या आधी की-बोर्ड चालू करायचा. त्याला जाझवाला बिग बँड पाहिजे होता. जुन्या काळी मोठ्या हॉटेलांतून कोट घातलेली माणसं रांगेत उभी राहून पितळी वाद्यं फुंकायची, तसला. साताऱ्याच्या फडतऱ्यांत हे खूळ कुठून शिरलं हे विचारू नका. माणसाला कशाचंही खूळ लागतं. काहींना सोसायटीच्या कमिटीवर जायचं लागतं. त्या मानानं जाझ फार सोज्वळ.

खुळाला खोली लागते. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली त्याच आठवड्यात रणजीतनं तिची छोटी बेडरूम ताब्यात घेतली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, गाद्यांवर अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि त्या भट्टीला तो स्टुडिओ म्हणायला लागला. आत बसलं की बनियन पिळून काढावा लागे. पण इंटरनेटवरच्या सगळ्या विद्वानांनी सांगितलं होतं की स्टुडिओ मेलेला पाहिजे, आवाज भिंतीवरून परत येता कामा नये. रणजीतचा स्टुडिओ इतका मेलेला होता की आत शिंकलं तरी शिंक आल्याचं समाधान मिळत नसे.

बायको सुनयना दहावीच्या गणिताचे क्लास घ्यायची. तेही जेवणाच्या टेबलावर. एका हातात वर्गसमीकरण, दुसऱ्या हातात डाळीची पळी. तिचीही त्या खोलीवर नजर होती, आणि खरं बोलायचं तर तिचा हक्क जास्त होता. तिच्याकडे निदान उत्तरं बरोबर यायची.

एका शनिवारी तिनं दार उघडून आत डोकं घातलं.

“अहो, काय चाललंय हे?”

“ट्रम्पेट सेक्शन.”

“मला वाटलं खाली टेम्पो रिव्हर्स घेतोय.”

रणजीतनं हेडफोन काढला. कलावंताचा अपमान झाला की तो आधी हेडफोन काढतो.

“तुला त्यातलं काय कळतं?”

“काहीच नाही. म्हणून तर खरं सांगतेय.” सुनयना आत आली आणि घाम पुसत उभी राहिली. “ऐका. जूनमध्ये शाळा सुरू होतात. तोपर्यंत तुमचं हे वाजवणं ऐकून एका तरी माणसाला, तुम्ही काही न सांगता, वाटलं पाहिजे की खरी माणसं फुंकतायत. एकच माणूस फसवा. बहिरा चालणार नाही. फसला, तर खोली तुमची. नाही फसला, तर इथं माझा फळा लागेल आणि ही अंड्यांची पोल्ट्री भंगारात जाईल.”

अशी पैज लागली. एक खोली, एक माणूस.

आता आपल्याकडे घरात उंदीर झाला तरी सल्ला द्यायला सात मजले उतरून लोक येतात. हीच माणसं लिफ्ट अडकली की मात्र कुठं जातात ते देवाला माहीत. चेअरमन हौसेराव निकम हे वाशीच्या कांदाबटाटा मार्केटात तीस वर्षं अडत चालवून निवृत्त झालेले, साताऱ्याच्याच कोरेगाव तालुक्यातले, म्हणून रणजीतवर गाववाल्याचा हक्क सांगणारे. त्यांनी लिफ्टमध्येच निदान केलं. “रणजीतराव, तुमच्या त्या बँडात सनई घाला. सनईशिवाय कार्याला शोभा नाही.” कसलं कार्य, हे त्यांनी विचारलं नाही आणि रणजीतनं सांगितलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा अंकुश पाटील मूळचा इथल्याच गावठाणातला. खडी-रेतीचा धंदा, गळ्यात चेन, मन मोठं. त्यानं पार्किंगमध्ये गाठलं.

“रनजीतशेठ, येवरा तरास कशाला? आमचे गावान बँजो हाय, ब्रास हाय. हलदीला वाजवतान ना, तवा आजारी मानूस पन खाटंवरशी उठून नाचतो. चार पोरा आनतो, तुमचे घरान बसवतो, वाजवून जातीन.”

“पाटील, माणसं बोलावून कुणीही वाजवेल,” रणजीत ताठ मानेनं म्हणाला. “माणसं न बोलावता माणसांसारखं वाजलं पाहिजे. ती कला.”

अंकुशनं जरा विचार केला. “म्हंजे लगीन कराचा, पन नवरी नको.”

रणजीत जिन्यानं वर गेला.

इंटरनेटवरचे सल्ले याहून वाईट. एक गोरा दाढीवाला सांगायचा, आमचं महागडं सॉफ्टवेअर घ्या, तुमचा बँड जिवंत होईल. दुसरा सांगायचा, त्याचं घेऊ नका, माझं घ्या. हे सगळे लोक भिंतीवर दहा गिटारी टांगून बसतात आणि व्हिडिओच्या शेवटी घंटी दाबायला सांगतात. रणजीतनं दाबल्या. घंट्यांनी ट्रम्पेट सुधारत नाही.

गाडी रुळावर आली ती हनुमान जयंतीच्या आरतीला. सोसायटीच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं टाळ्या पिटत उभी होती आणि रणजीत पहिल्यांदाच नीट ऐकत होता. निकमकाका प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या आधी पोचत होते, मार्केटात लिलावाला पोचावं तसे. अंकुश पाटील शेवटचं अक्षर सोडायलाच तयार नव्हता. एक काकू अख्खी आरती अर्धा सूर वर म्हणत होत्या, तेही पूर्ण श्रद्धेनं. मधेच सगळ्यांचा एकदम दम संपायचा आणि हॉलमध्ये श्वासांचा एक मोठा सुस्कारा व्हायचा. आणि तरीसुद्धा ते सगळं मिळून भरलेलं, जिवंत, माणसांचं वाटत होतं. माणसांचंच होतं म्हणा. रणजीत प्रसाद न घेता घरी पळाला.

त्याची चूक अशी होती की तो चार बोटं एकदम दाबून चार ट्रम्पेट एका दमात वाजवायचा. चार माणसं कधी एका दमात काही करतात? सोसायटीत चार माणसांना एका वेळी पाण्याची टाकी धुवायला जमवून दाखवा. आता त्यानं प्रत्येक वाद्य वेगळं, एकेक ओळ धरून वाजवायला घेतलं. पहिला ट्रम्पेट निकमकाकांसारखा उतावळा. दुसरा बरोबर तालात, पण त्याचा गर्व असलेला. तिसरा कायम केसभर उशिरा. चौथा त्या काकूंसारखा, थोडा वर. ट्रॉम्बोनवाले जाडजूड, सावकाश, जेवून आलेले.

शिवाय श्वास. फुंकणाऱ्या माणसाला मधे श्वास घ्यावा लागतो ही गोष्ट कंप्युटरला कुणी सांगितलेली नसते. तेव्हा रणजीतनं नियमच केला: की-बोर्ड दाबताना आपण तोंडानं फुंकत राहायचं आणि आपला दम संपला की बोट उचलायचं. तेरा वाद्यं, तेरा वेळा. तिसऱ्या ट्रॉम्बोनला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुनयना पाणी घेऊन आली तर नवरा गाल फुगवून, लालबुंद होऊन, गादीला टेकून बसलेला.

“बीपीची गोळी घेतलीत का?”

“सोलो चालू आहे,” रणजीत धापा टाकत म्हणाला.

आता वाजवणं माणसांचं झालं होतं, पण माणसं कुठंतरी डब्यात कोंडून ठेवल्यासारखी वाटायची. त्याचाही उलगडा झाला, तो आंघोळ करताना. रणजीतनं ब्लूटूथ स्पीकर बाथरूमच्या खिडकीत ठेवला, ट्यून लावली आणि अंगावर तांब्या ओतला, तर पाठीमागे बँड उभा! खरोखरचा. तेरा माणसं कोट घालून मागे उभी आहेत आणि आपण कपड्यांशिवाय आहोत, अशी त्याला स्पष्ट जाणीव झाली आणि त्यानं टॉवेल ओढला.

करामत डक्टची होती. नव्या इमारतींत सगळ्या मजल्यांची बाथरूमं एका उभ्या पोकळीत उघडतात, पाइपांसाठी ठेवलेल्या. त्या पोकळीला डक्ट म्हणतात. तळापासून गच्चीपर्यंत चौदा मजल्यांची नुसती काँक्रीटची नळी. तिच्यात सोडलेला आवाज खाली जाऊन, वर जाऊन, भिंतींना घासून परत येताना असा भारदस्त होऊन यायचा की बस. ज्या आवाजासाठी लोक परदेशात मोठमोठे हॉल भाड्यानं घेतात, तो हॉल बिल्डरनं रणजीतला कॉमन बाथरूममागे फुकट बांधून दिला होता. बिल्डरनं आयुष्यात कुणाला काही फुकट दिल्याचं हे एकमेव उदाहरण असावं, आणि तेही त्याला ठाऊक नसताना.

घरून काम करायच्या दिवशी, भर दुपारी, रणजीतनं मोठा स्पीकर बाथरूमच्या खिडकीत ठेवला, मॉपच्या दांड्याला माइक बांधला, दांडा डक्टमध्ये बाहेर काढला आणि तेराही वाद्यं एकदम सोडली. परत आलेला आवाज रेकॉर्ड केला. ऐकला. पुन्हा सोडली. दुपारभर सोडत राहिला. डक्टला तेरा जण पाठवायचे आणि तेरा जण परत मोजून घ्यायचे, या नादात एक साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. डक्टला खिडकी फक्त त्याचीच नव्हती.

संध्याकाळी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. चौथ्या मजल्यावरच्या गोजराआजींनी नातीच्या फोनवरून आवाजी निरोप टाकला होता: “लग्न कुणाकडं हाय गं? वरात कवाची वाजतीया, नवरा काय येईना. मी साडी नेसून बसलेय.” त्याखाली कुणीतरी, “बी विंगमध्ये बँडची प्रॅक्टिस कोण करून घेतंय? आम्ही मेंटेनन्स भरतो.” त्याखाली आणखी कुणीतरी, “निदान दहा माणसं आहेत. दुपारी टॉयलेटमध्ये शांतता नाही.” त्याखाली जोडलेले हात, अंगठे-बिंगठे. आणि सगळ्यात खाली सेक्रेटरी संघमित्रा गमरे यांचा निरोप.

संघमित्रा मॅडम बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात अधीक्षक होत्या आणि सोसायटीचे उपविधी त्यांना तोंडपाठ होते. लिहिलं होतं: “सातव्या मजल्यावरील फडतरे यांनी गेटच्या ॲपवर नोंद न करता बाहेरील वादक आणून सदनिकेचा व्यावसायिक वापर केल्याचे दिसते. रविवारी सकाळी कमिटीपुढे हजर राहावे. सदर खोलीतील साहित्य हटवण्याबाबत त्याच दिवशी निर्णय होईल.”

रणजीतनं ते तीनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले. बाहेरील वादक! आयुष्यात त्याच्या संगीतावर कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. तो फोन नाचवत स्वयंपाकघरात गेला.

“एक माणूस म्हणाली होतीस ना? अख्खी बी विंग फसली! खोली माझी!”

सुनयनानं चष्मा लावून निरोप वाचला. “फसली खरी. मानलं.” मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. “पण ही ओळ वाचलीत का? मी दिलेली खोली कमिटी काढून घेतेय.”

तेव्हा कुठं रणजीत खुर्चीवर बसला.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात कमिटी बसली. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली: एका पायानं लुळी टेबलं, मुदत संपलेलं आग विझवायचं नळकांडं आणि क्रिकेट स्पर्धेतली एक ट्रॉफी, जिच्यात आता रबरबँड ठेवतात. निकमकाका मधे, संघमित्रा मॅडम बाजूला लॅपटॉप उघडून, अंकुश पाटील कमिटी मेंबर म्हणून दाराशी. वॉचमन दिलीपला उभं केलेलं.

“शपथेवर सांगतो मॅडम, एक पण मानूस आत नाय सोडला,” दिलीप म्हणत होता. “मी काय झोपतो का?”

“झोपतोस,” निकमकाका म्हणाले. “पण ते नंतर.”

“कॅमेऱ्यातही कोणी दिसत नाही,” संघमित्रा मॅडम म्हणाल्या. “म्हणजे गाडीतून थेट पार्किंगमध्ये आणले असणार. फडतरे, सरळ प्रश्न विचारते. त्या दुपारी तुमच्या घरी आठ वादक होते. बरोबर?”

इथं शहाण्या माणसानं काय म्हणायचं असतं? “नाही, मॅडम.” दोन शब्द. पण रणजीतनं दीड महिना गाल फुगवले होते, ट्रॉम्बोनसाठी काजवे पाहिले होते, आणि ही बाई त्याचे पाच सॅक्सोफोन सरळ खाऊन टाकत होती.

“तेरा,” तो म्हणाला.

दिलीपनं डोक्याला हात लावला.

“तेरा?” निकमकाका पुढे झुकले. “आरं रणजीतराव, तेरा माणसं घरात घातलीस आन् ॲपवर एक नोंद न्हाय?”

“तसं नाही काका! ती माणसं नाहीत!”

“मग कोण हायेत?”

“ती... मीच आहे. तेरा वेळा.”

कमिटीनं एकमेकांकडे पाहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाकडे कमिटी ज्या नजरेनं पाहते, ती नजर तुम्ही कधी अनुभवली नसेल तर एकदा पार्किंगची तक्रार घेऊन जा. रणजीत घाईघाईनं कंप्युटर, की-बोर्ड, आरती, श्वास असं सगळं सांगत सुटला. त्यानं मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलं. तेरा जण ऑफिसात दणदणले.

“हेच! हेच ऐकलं होतं,” संघमित्रा मॅडम म्हणाल्या. “आणि यात तर तेरा माणसं स्वच्छ ऐकू येतायत. तुम्ही स्वतःच पुरावा आणलात.”

“अहो मॅडम, तो पुरावा नाही, तो...”

“तुम्ही म्हणता हे एकट्यानं वाजवलं. चला वर. आमच्यासमोर वाजवा.”

वर गेले. सुनयनानं पाणी दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. गाद्यांच्या भट्टीत कमिटी कशीबशी मावली. रणजीतनं की-बोर्ड लावला आणि ट्रम्पेटची ओळ वाजवली. गाद्यांनी ती गिळली. उरलं ते एक केविलवाणं पें.

“ही तर पिपाणी,” निकमकाका म्हणाले.

“कच्चा आवाज आहे काका, आधी असाच...”

“रनजीतशेठ,” अंकुशनं खांद्यावर हात ठेवून मायेनं विचारलं, “खरा सांग. मानसा कोनचे गावची व्हती? आमचे गावची असतील तं मी बोलतो त्यांचेशी.”

काय माणसाचं नशीब! इतकी वर्षं त्याला लोक म्हणायचे की तुझं खोटं वाटतं, आणि आता तो ओरडून सांगत होता की खोटंच आहे, तर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. सुनयनाकडे पाहायची त्याला हिंमत होईना. पाहिलं तर ती हसू दाबत होती, पण त्याच्याकडे बघताच तिचं हसू गेलं.

“गमरे मॅडम,” ती म्हणाली, “असं करा. कुठल्याही बँडकडे तयार नसेल अशी चाल यांना द्या. तुमच्यासमोर करू दे. मग तरी पटेल?”

संघमित्रा मॅडमनी विचार केला. बाई कडक होत्या, पण न्यायाच्या होत्या. सोसायटीत असे लोक एकूण अडीच असतात. “चालेल. घंटागाडीची चाल वाजवा.”

रविवार सोडून रोज सकाळी कचऱ्याची गाडी भोंग्यावर जी रडकी धून लावून फिरते, ती. जगातल्या कुठल्याही बिग बँडनं ती वाजवलेली नसणार, हे नक्की.

रणजीत बसला. एकेक ट्रम्पेट, गाल फुगवून, दम संपेपर्यंत. तिसरा केसभर उशिरा. चौथा थोडा वर. कमिटी सतरंजीवर बसून पोहे खात बघत होती. सुनयनानं दुसऱ्यांदा चहा ठेवला. सॅक्सोफोनच्या वेळी निकमकाकांना राहवेना, तेही नकळत गाल फुगवायला लागले. शेवटच्या ट्रॉम्बोनला रणजीत हेलपाटला, तेव्हा संघमित्रा मॅडमनी स्वतः उठून त्याला पाणी दिलं.

“झालं. आता बाथरूममध्ये चला,” रणजीत म्हणाला.

“कशाला?”

“बँड तिथंच उभा राहतो.”

कॉमन बाथरूममध्ये एका माणसाला हात वर करून साबण लावता येत नाही. तिथं पाच जण शिरले. निकमकाका झाकण लावलेल्या कमोडवर अध्यक्षस्थानी बसले. संघमित्रा मॅडम बेसिनला चिकटून. सुनयना दारात. अंकुश शॉवरखाली उभा राहिला आणि त्याच्या कोपरानं शॉवर सुरू झाला, तो बंद होईपर्यंत त्याची चेन धुऊन निघाली. रणजीतनं स्पीकर खिडकीत ठेवला, डक्टकडे तोंड करून, आणि बटण दाबलं.

घंटागाडी आली. पण कशी आली! चार ट्रम्पेट छाती काढून, ट्रॉम्बोन खालून हुंकार देत, सॅक्सोफोन लाडात येऊन डुलत. तेरा जण कोट घालून कचरा मागत होते आणि तो नाकारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. डक्ट घुमलं. निकमकाकांचं पाऊल ताल धरायला लागलं. संघमित्रा मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“तो तिसरा आहे ना, तो उशिरा येतोय. त्याला सांगा जरा...” एवढं बोलून त्यांनी डोळे उघडले आणि समोर फक्त रणजीत, बादली आणि वाळत घातलेला टॉवेल बघून गप्प झाल्या.

तेवढ्यात खालून, पाइपांमधून, गोजराआजींचा खणखणीत आवाज वर आला. “अगं बाई! म्युन्सिपाल्टीनं कचऱ्याच्या गाडीला बँड लावला का काय! रविवारची बी आली बघ! डबा काढ, डबा!”

मग आणखी दोन खिडक्या उघडल्या. कुठंतरी दार वाजलं, मग दुसरं. सुनयना जिन्यात जाऊन बघून आली आणि दाराची चौकट धरून हसत खालीच बसली. “अहो, सहाव्यापासून खाली प्रत्येक दारासमोर डबे आलेत. ओला वेगळा, सुका वेगळा. एरवी सांगून कुणी वेगळा करत नाही.”

संघमित्रा मॅडमनी लॅपटॉप तिथंच, बेसिनच्या काठावर उघडला. “तक्रार निकाली,” त्यांनी टाइप करत वाचलं. “सदनिकेत बाहेरील कोणीही इसम आढळला नाही. आढळले ते फडतरे स्वतः.” मग मान वर करून, “दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं. आणि दिलीपला कुणी काही बोलायचं नाही.”

“आन् गणपतीला आपलं विसर्जन ह्याच बँडवर,” निकमकाका कमोडवरून उठत म्हणाले. “फक्त सनई घाल.”

कमिटी गेली. रणजीत बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसला. गेल्या काही दिवसांत अंगात जे काही आवळून धरलं होतं ते एकदम सुटलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण कितीतरी वेळानं पहिल्यांदा, कुठल्याही वाद्यासाठी नाही, नुसताच श्वास घेतोय. सुनयना शेजारी बसली.

“जिंकलात. माझ्याकडूनही, कमिटीकडूनही. खोली तुमची.”

रणजीतनं गाद्यांच्या खोलीकडे पाहिलं. त्या पें-कडे, त्या घामाकडे. मग मागे वळून टाइल्सकडे, बादलीकडे, खिडकीतल्या काळोख्या उभ्या नळीकडे पाहिलं.

“नको,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तिथं काय आहे? अंड्यांचे ट्रे. माझा बँड इथं वाजतो. तू तुझा फळा लाव.”

सुनयनानं त्याच्याकडे असं पाहिलं की लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर असं पाहणं सहसा परवडत नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून गाद्या उपसल्या. भिंतींना भोकंच भोकं पडली होती. ती झाकायला फळा पुरेसा मोठा निघाला.

शाळा सुरू झाल्या. खोलीत मुलं वर्गसमीकरणं सोडवू लागली, जेवणाच्या टेबलावर पुन्हा जेवण येऊ लागलं, आणि रणजीत प्लास्टिकच्या स्टुलावर की-बोर्ड मांडीवर घेऊन कॉमन बाथरूममध्ये सुखानं बसू लागला. एके दिवशी आतल्या बाथरूमचा नळ खोलून प्लंबर चहाला गेला तो गेलाच. सुनयनानं कॉमन बाथरूमचं दार ठोठावलं.

“अहो, आटपा. क्लासची वेळ झाली, मला आंघोळ करायची आहे.”

“पाच मिनिटं! दोन ट्रॉम्बोन राहिलेत.”

“मग आधी त्यांना बाहेर काढा,” सुनयना वैतागून म्हणाली. “बाईमाणसाला आत यायचंय.”

मग बाहेर तिला हसू फुटलं. आपण काय बोललो ते तिला कळलं असावं. रणजीतनं की-बोर्ड बंद केला, स्टूल उचललं, दार उघडलं, आणि मागून दोन जाडजूड माणसं निघायची आहेत म्हणून वाट द्यावी, तसा जरा बाजूला सरकून उभा राहिला.